तिसरा चेंडू

यंत्र म्हणायचं म्हणून यंत्र. दिसायला ते लहान मुलांचं खेळणंच होतं. शेजारीशेजारी उभी तीन पारदर्शक नळकांडी, प्रत्येकाच्या तळाशी गोटीपेक्षा जरा मोठा निळा चेंडू, आणि बाजूला एक लवचीक नळी. नळी ओठांत धरायची आणि हवा आत ओढायची. थोडी ओढली की पहिला चेंडू वर उडतो. नेट लावला की दुसरा. तिसरा मात्र छाती शाबूत असेल तरच हलतो.

वस्तीत तिसरा चेंडू कुणाचाच हलत नव्हता.

“ओढा, काका, ओढा! थंडगार सरबत आहे असं समजा,” दवाखान्यातली बबी म्हणायची.

“सरबत असतं तर पेल्यासकट ओढलं असतं गं,” शिंपी नळी तोंडातून काढून धापा टाकत म्हणाला. “हे प्लास्टिक चोखून काय मिळायचंय?”

“छातीला व्यायाम मिळेल.”

“तो रोजच मिळतो. जिना चढलो की झाला.”

बाकड्यांवर बसलेले सगळे हसले आणि हसता हसता खोकायला लागले. त्या दवाखान्यात हसण्याच्या पाठोपाठ खोकला यायचाच. कोपऱ्यात बसलेली इस्त्रीवाली आक्का तर कुणी विनोद करणार असं दिसलं की आधीच छातीवर हात ठेवून बसायची.

दवाखाना कारखान्याच्या मालकांनी बांधून दिला होता. एके पहाटे त्यांच्या टाकीतून विषारी वायू सुटला आणि उताराच्या अंगानं वस्तीत उतरला. जे गेले ते गेले. जे राहिले त्यांच्या छातीत तो वायू कायमचा राहायला आला. वस्तीतल्या माणसांची छाती बरी होईपर्यंत दवाखाना चालवू, असा शब्द मालकांनी सगळ्यांच्या देखत दिला होता, आणि आजवर तो पाळलाही होता. फुंकर मारून छाती मोजायचं मोठं यंत्र मध्यंतरी दुरुस्तीला म्हणून गेलं ते परत आलं नाही. त्याच्या जागी हे तीन चेंडू आले. पण खिडकीजवळचं प्राणवायूचं यंत्र अजून होतं. सकाळ-दुपार त्याची घरघर चालू असे, आणि त्याच्या नळ्या नाकाला लावून रोज सगळ्यांत आधी बसायची ती मावशी.

मावशी म्हणजे बँडमास्तरांची बायको आणि बबीची आई.

मास्तर पूर्वी त्याच कारखान्यात माल बांधण्याच्या खात्यात होते. कारखान्याचा स्वतःचा बँड होता, आणि त्यात मास्तरांची क्लॅरिनेट सगळ्यांच्या पुढे असायची. वायूनंतर ती पेटीत गेली. मास्तरांना आता फुंकायला जमत नसे, पण शिकवायला जमत होतं. घराच्या ओसरीवर ते वस्तीतल्या मुलांना बासरी शिकवत. स्वतः न वाजवता बासरी कशी शिकवायची, असं कुणी विचारलं तर म्हणत, “पोहायला शिकवणारा काठावरच उभा असतो की.”

मुलांना त्यांचा एक धडा पाठ होता. “गाल फुगवायचे नाहीत. गालात मावते ती उसनी हवा. आपली हवा पोटात असते. तिथून आणायची, हळू, घाई न करता. कळलं?” मुलं माना डोलवायची आणि गाल फुगवायची. मास्तर एकेकाच्या गालावर दोन बोटं ठेवून पुन्हा सांगायचे, मग पुन्हा. रागवायचे नाहीत. फक्त एकाच गोष्टीला ते नावं ठेवत: सूर मध्येच सोडून देण्याला. “आळस झाला हा,” म्हणत. वस्तीतल्या बहुतेक मुलांचा सूर मध्येच तुटायचा. मास्तरांना वाटे, आताच्या मुलांना सरावाची सवयच नाही.

बबीसुद्धा लहानपणी याच ओसरीवर शिकली होती. ती त्यांच्या पोटची नव्हती. त्या पहाटे सगळे पळत होते तेव्हा रस्त्याकडेला एका उलटलेल्या हातगाडीखाली ती रडताना सापडली. कुणाची होती ते नंतर शोधूनही कळलं नाही. मावशीच्या हातात एक ओला टॉवेल होता. तो तिनं स्वतःच्या नाकावरून काढला, बाळाच्या तोंडावर धरला, आणि टेकडी चढेपर्यंत तसाच धरून ठेवला. मास्तर आणि मावशी एकाच रस्त्यानं, एकाच वेळी पळाले. मास्तरांना आज जिना चढता येतो. मावशीला दोन पायऱ्यांवर बसावं लागतं.

तीच बबी आता शिकून दवाखान्यात लागली होती. सगळी वस्ती तिला ताई म्हणायची आणि घरी आली की बबीच.

एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, “बाबा, माझ्या या चेंडूंच्या वर्गावर वरच्या लोकांची नजर आहे. लोकांचे चेंडू वर गेले तर मला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात घेणार आहेत.”

“अगं, मग एवढे दिवस गप्प का होतीस?” मास्तरांचा घास हातातच राहिला. “ऐकलंस का गं? आपली बबी मोठ्या शहरात!”

“ऐकलं,” मावशी म्हणाली. “पण चेंडू कसे जाणार वर? माझा पहिलाच धड हलत नाही. नुसता थरथरतो, माझ्यासारखा.”

दुसऱ्या दिवशी बबीनं सरावासाठी एक यंत्र घरी आणून ठेवलं. मावशी नळी तोंडात धरून बसली. खांदे वर गेले, मानेच्या शिरा ताणल्या, चेंडू जागच्या जागी हलला आणि खाली बसला. मास्तर समोर बसून बघत होते. आयुष्य तोंडानं वारा हाताळण्यात गेलेला माणूस तो. त्यांच्या एकदम लक्षात आलं की या चेंडूंना पोटातली हवा आहे की तोंडातली, हे काही कळत नाही. त्यांना फक्त झटका हवा.

“छाती विसर,” ते म्हणाले. “ओठ घट्ट मिट नळीवर. जीभ मागे घे. आता गाल आत ओढ आणि जबडा एकदम खाली सोड. तोंडाचा भाता कर.”

मावशीनं तसं केलं. टक्‌! पहिला चेंडू नळकांड्याच्या टोकाला लागला आणि दुसराही मागोमाग उडाला.

“अहो!” मावशी घाबरून यंत्राकडे बघत राहिली. “हे मी केलं?”

“तूच केलंस. पुन्हा कर.”

थोड्या दिवसांत तिचा तिसरा चेंडूही उडायला लागला. क्षणभरच, पण उडायचा. ती हवा छातीपर्यंत पोचतच नव्हती, हे मास्तरांना पक्कं माहीत होतं. मुलांना ज्या गोष्टीसाठी ते रोज अडवत, तीच आता ते बायकोला शिकवत होते. पण लेकीचं भलं होणार होतं, कुणाचं काही जात नव्हतं, आणि चेंडू उडाला की मावशीला लहान मुलीसारखं हसू यायचं. तिला असं हसताना मास्तरांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी शिंप्याला शिकवलं. शिंप्यानं आक्काला, आणि बघता बघता सगळ्या गल्लीला ती विद्या आली. “बबीसाठी” एवढं सांगितलं की पुरत असे. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेली पोर. इस्त्रीची कोळशाची शेगडी ढवळता ढवळता आक्का गाल आत ओढून जबडा सोडायचा सराव करायची, आणि गिऱ्हाईक विचारायचं, “दात दुखतोय का?”

दवाखान्यात टकाटक चेंडू उडायला लागले. दर वेळी टाळ्या वाजत. कधी नव्हे ते मोठे डॉक्टर आले, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, फोटो काढले. बबी सगळ्यांना शाबासकी द्यायची. फक्त आईचा तिसरा चेंडू उडाला तेव्हा ती म्हणाली, “छान, आई,” आणि लगेच दुसरीकडे बघायला लागली.

बातमी आणली शिंप्यानं. दुपारी तो मास्तरांच्या ओसरीवर येऊन बसला आणि बराच वेळ टोपीशी खेळत राहिला.

“काय रे, सुई गिळलीस का?” मास्तरांनी विचारलं.

“मला कापड दिलंय शिवायला. निळं, चमकदार. पडदा करायचाय. दवाखान्याच्या दारावर नवीन पाटी लागणार आहे, ती झाकायला. साहेब येऊन दोरी ओढणार.”

“मग चांगलं आहे की. दवाखान्याला नवी पाटी.”

“दवाखान्याची नाही, मास्तर. मी मापं घ्यायला गेलो तेव्हा आत दोन माणसं यंत्र कसं उचलायचं ते बघत होती. प्राणवायूचं. मी म्हटलं, कुठं हलवताय? तर म्हणाले, घेऊन जाणार, वस्ती बरी झाली ना आता.” शिंप्यानं मास्तरांकडे पाहिलं. “बरे होईपर्यंत चालवू म्हणाले होते. तर आपण झालो बरे. सगळ्यांचे चेंडू वर.”

आतून मावशीचा खोकला ऐकू येत होता.

शेवटी शिंपी उठला. “ताईला ठाऊक नसेल,” तो म्हणाला. “तिला सांगा. ती थांबवेल.”

मास्तरही याच आशेवर दवाखान्यात गेले. दुपारची सुट्टी होती. बबी एकटीच, गरम पाण्यातून नळ्या काढून फडक्यावर वाळत घालत होती.

“बबे, दवाखाना बंद करतायत.”

“कोणी सांगितलं?”

पाठमोरीच बोलली ती. मास्तरांना वाटलं होतं, ती दचकेल, हातातलं टाकेल, “काय?” म्हणून ओरडेल. तिनं पुढची नळी काढली आणि झटकली.

“म्हणजे तुला ठाऊक आहे,” मास्तर म्हणाले आणि बाकड्यावर बसले. “कधीपासून?”

“वर्ग सुरू झाला तेव्हापासून. त्यासाठीच तर वर्ग होता, बाबा.”

“आणि लोक गालानं ओढतायत, हे तुला दिसलं नाही?”

“पहिल्याच दिवशी दिसलं.” ती आता वळली. “मला नाही दिसणार तर कुणाला? मी लहानपणापासून गालानंच घेते.”

“काय बोलतेस?”

“बासरीवर माझा सूर तुटायचा, आठवतं? तुम्ही म्हणायचात, ‘बबे, आळस झाला.’ आळस नव्हता तो. पुढे हवाच नसायची. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी गालात साठवायला लागले. तुम्ही खूष झालात, म्हणालात, ‘आता कसा लांबला सूर!’ नोकरीच्या तपासणीतही तेच केलं. टॉवेलातून थोडा वायू आत आलाच होता, बाबा. तेवढा पुरला.”

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. हा चेहरा त्यांनी रोज पाहिला होता, त्या गालांवर दोन बोटं ठेवून धडा दिला होता, आणि त्यांना काहीसुद्धा कळलं नव्हतं.

“मग तू तरी...” ते म्हणाले. “तू तरी आमच्या बाजूनं असायला हवं होतंस.”

“मला बाजूच नकोय!” तिचा आवाज चढला. “दोन ठिकाणांहून मला नकार आला. तुम्हाला सांगितलं नाही. ‘वायूतली मुलगी, मूल होईल की नाही कोण जाणे.’ आता जो मुलगा आहे त्याच्या घरी मी सांगितलंय, आमची वस्ती बरी झाली, कुणाला काही नाही. त्यांना ते कुणीतरी मोठ्यानं, जाहीरपणे सांगायला हवंय. एकदाच. मग संपलं.”

“तुझ्या आईचं काय संपलं?”

बबी खाली बघत म्हणाली, “आईला मी तिकडून छोटं यंत्र पाठवीन. घरात ठेवता येतं तसलं. मी शब्द देते.”

“शब्द,” मास्तर म्हणाले, आणि भिंतीला धरून उठले.

घरी येऊन त्यांनी मावशीला सगळं सांगितलं. सांगताना दोनदा थांबावं लागलं. मावशीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

“मुलगा चांगला आहे का?”

“मी तुला काय सांगतोय आणि तू काय विचारतेस!”

“विचारलं आपलं,” ती म्हणाली, आणि उशीला टेकून डोळे मिटून पडली.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी मास्तर दारोदार फिरले. शिंप्याकडे, आक्काकडे, गल्लीत एकही दार सोडलं नाही. “उद्या साहेबांसमोर गाल वापरायचा नाही. छातीनंच ओढायचं. जेवढा येईल तेवढा येऊ दे. नाही आला तर नको.” कुणी मान डोलावली, कुणी ‘आधी हे शिकवलंत कशाला?’ असंही विचारलं. मास्तरांनी ते ऐकून घेतलं. मावशीला सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही. ती कायम यंत्रावर. तिला कोण उठवणार होतं?

सकाळी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. कारखान्याचे साहेब, मोठे डॉक्टर, फोटो काढणारा. दारावर शिंप्यानं शिवलेला निळा पडदा. खिडकीजवळ मावशी, नाकाला नळ्या लावून. बबी नवे कपडे घालून टेबलाशी उभी होती. तिच्या मागे एक अनोळखी जोडपं बसलं होतं, नीटनेटकं, जरा अवघडलेलं. मास्तरांनी ओळखलं: मुलाकडचे.

शिंपी पहिला आला. त्यानं छातीनं ओढलं. पहिला चेंडू अर्ध्यावर जाऊन खाली आला. आक्का आली. पहिला थरथरला. मग एकामागून एक, सगळी गल्ली. कुणाचा एक, कुणाचा तोही नाही. फोटो काढणाऱ्यानं कॅमेरा खाली घेतला. साहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी बबीकडे. मुलाकडची बाई नवऱ्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटली.

मास्तरांना वाटलं, जमलं. आता यांना कळेल.

तेवढ्यात यंत्राची घरघर बदलली. मावशीनं नाकातल्या नळ्या आपल्या हातानं काढल्या होत्या. बाकड्याला, मग टेबलाला धरत ती पुढे आली.

“आई, तू नको,” बबी हळूच म्हणाली.

“माझी पाळी राहिली ना,” मावशी म्हणाली. तिनं नळी ओठांत धरली. मास्तरांना तिचे ओठ घट्ट मिटलेले दिसले, आणि पुढचं त्यांना आधीच कळलं.

टक्‌, टक्‌, टक्‌. तिन्ही चेंडू वरच्या टोकाला लागले.

सगळ्यांत आजारी बाई! साहेबांनीच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. कॅमेरा वर आला. मावशी नळी हातात धरून हसत उभी राहिली. बबीनं टाळी वाजवली नाही. ती आईचा हात धरायला पुढे झाली आणि मध्येच थांबली.

“खोटं आहे हे!” मास्तर ओरडले. “तोंडातली हवा आहे ती. छातीत काही नाही. मला ठाऊक आहे, मीच शिकवलंय तिला.”

टाळ्या थांबल्या. मोठे डॉक्टर सभ्य माणूस होते. ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही शिकवलंत?”

“हो.”

“आणि या बाकीच्यांना?”

“त्यांनाही मीच.”

“आणि आज त्यांनी ओढायचं नाही, हे?”

मास्तरांनी शिंप्याकडे पाहिलं.

“मास्तर खरं बोलतायत, साहेब,” शिंपी मध्ये पडला. “आज आम्ही खरं ओढलं.”

“म्हणजे एवढे दिवस तुम्ही आम्हाला फसवत होता?” डॉक्टरांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता ते कारखान्याच्या साहेबांकडे वळून म्हणाले, “दवाखाना बंद होऊ नये असं लोकांना वाटणारच. समजू शकतो आपण. पण या बाईंनी प्रामाणिकपणे करून दाखवलं.”

मुलाकडची बाई उठून मावशीजवळ गेली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, “किती छान झाल्यात हो तुम्ही बऱ्या.” मावशी नुसती हसली. तिला दम लागला होता आणि तो लागल्याचं ती दिसू देत नव्हती.

मग साहेबांनी बाहेर येऊन दोरी ओढली. पडदा बाजूला झाला. पाटीवर सुबक अक्षरांत लिहिलं होतं: ‘संगीत वर्ग’. आणि खाली: ‘शिक्षक – बँडमास्तर’.

“तुम्हाला किती वर्षं शिकवायला खोली हवी होती ना, बाबा,” बबी जवळ येऊन म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “मी मागून घेतली. ते गोदाम करणार होते. मी म्हटलं, माझ्या वडिलांना द्या.”

मास्तरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती खरंच भेट म्हणून देत होती.

पायऱ्यांवर गल्ली उभी होती. शिंप्यानं पाटी वाचली, मग पुन्हा वाचली. “मास्तर,” तो म्हणाला, “आधी सांगितलं असतंत तर पडद्याला झालर लावली असती. आपल्याच माणसाचं काम होतं.”

“अरे, मला खरंच ठाऊक नव्हतं...”

“आम्हालाही नव्हतं,” आक्का म्हणाली. “आम्ही आपले गाल ओढत बसलो होतो.” ती पुढे काही बोलली नाही. सगळे मास्तरांच्या दोन्ही बाजूंनी उतरून गेले, वाटेतल्या खांबाला वळसा घालावा तसे.

घरी आल्यावर मावशी उशांना टेकून बसली. ओठ निळसर झाले होते. मास्तर तिच्यासमोर बसले.

“का केलंस?”

ती श्वास घेत घेत, तुकड्या-तुकड्यांनी बोलली. “त्या पहाटे टॉवेल तिच्या तोंडावर धरला... आता काय ओढून घेऊ?”

“आणि गल्लीतल्यांच्या तोंडावरचा काढलास, त्याचं काय?”

मावशीनं भिंतीकडे तोंड वळवलं. मास्तर तिची पाठ चोळत राहिले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

बबीचं लग्न झालं, ती मोठ्या शहरात गेली. यंत्र उचलून नेलं. छोटं यंत्र काही आलं नाही. बबीचा फोन येई तेव्हा ती म्हणे, “बघतेय मी, आई. इकडे जरा सांगायला अवघड पडतं, कुणासाठी हवंय ते.” मावशी म्हणे, “सावकाश बघ. मी बरी आहे.”

खोलीची किल्ली खुंटीवर तशीच लटकत होती. ओसरीवर मुलं येईनाशी झाली. आयांनी पाठवणं बंद केलं होतं. शेवटी मावशीच म्हणाली, “घरात उकडतं. तिथली खिडकी मोठी आहे. मला तिथं नेऊन बसवा.”

मास्तरांनी कुलूप उघडलं. खोली रंगवली होती, पण खिडकीजवळ फरशीवर यंत्राच्या पायांचे काळे डाग राहिले होते. मावशी बरोबर तिथेच, आपल्या जुन्या जागी बसली आणि तोंड खिडकीकडे करून हवा घेऊ लागली.

थोड्या वेळानं दारात शिंपी उभा राहिला. बरोबर त्याची नात, हातात बासरी.

“माझं काही म्हणणं बदललेलं नाही,” शिंपी मास्तरांकडे न बघता म्हणाला. “पण या वेळेला पाय इकडंच येतात. आणि ही रडते घरी, वर्ग कधी म्हणून.” तो आपल्या जुन्या बाकड्याच्या जागी, भिंतीला टेकून खाली बसला. बाकडी नेली होती.

पोर समोर बसली. वायूनंतर फार वर्षांनी जन्मलेली. तिनं कारखान्याची चिमणीसुद्धा धूर सोडताना पाहिली नव्हती. तिनं बासरी ओठांना लावली. सूर निघाला, सरळ, स्वच्छ, आणि मध्येच तुटला. मास्तरांच्या तोंडाशी जुना शब्द आला. त्यांनी तो गिळला. पोरीच्या पाठीवर, बरगड्यांच्या खाली त्यांनी तळहात ठेवला.

“पुन्हा.”

पुन्हा तिथंच तुटला. हाताखाली त्यांना कळलं: पोर आळस करत नव्हती. पुढे हवाच नव्हती. शिंपी खाली मान घालून फरशीवर बोटानं रेघ ओढत होता. त्यालाही ठाऊक असावं.

मावशीचा फोन वाजला. बबीच होती.

“हो, खोलीतच आहोत,” मावशी म्हणाली. “आवडली गं. चांगली आहे. वर्ग चाललाय. थांब, ऐक.” तिनं फोन पोरीच्या दिशेनं धरला.

पोरीनं वाजवलं. सूर त्याच जागी तुटला. मग बबी हळू म्हणाली, आणि शांत खोलीत ते सगळ्यांना ऐकू आलं, “तिला सांगा, गालात थोडी साठवून ठेव म्हणावं. मग नाही कळत कुणाला.”

मास्तरांनी हात पुढे करून मावशीच्या हातातला फोन घेतला. बोलायला म्हणून त्यांनी तो कानाशी नेला. पलीकडे लेकीचा श्वास ऐकू येत होता, आखूड, गालापर्यंतच पोचणारा. त्यांनी फोन बंद करून खिडकीत ठेवला.

“गालानं करू, आजोबा?” पोरीनं विचारलं. “मला येतं. आमच्या गल्लीत सगळ्यांना येतं.”

“नको,” मास्तर म्हणाले. “आहे तेवढंच वाजव. तुटेल तिथं थांब.”

“मग गाणं अर्धंच राहील.”

“राहू दे. आपण अर्धंच शिकू.”

पोरीनं शिंप्याकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली. तिनं बासरी वर उचलली. दार उघडंच होतं, आणि मास्तरांनी ते लोटलं नाही; रस्त्यावरून जाणाऱ्याला सूर कुठं तुटतो ते नीट ऐकू जात होतं.